विश्लेषण : ‘शेतकऱ्यांना’ शब्दाची संगणकात तीन रूपे, नियमावलीतले दुबार कलम निघत का नाही?

वेबच्या तांत्रिक नियमावल्यांमधली जुनी आणि दुबार कलमे काढण्याचे काम जगभर सुरू असते. एचटीटीपीला ते जमले, एचटीएमएललाही जमले. मराठीतल्या ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ या जोडाक्षरांसाठीचे दोन नियम मात्र युनिकोडच्या पुस्तकात आजही शेजारी शेजारी आहेत. ते का आहेत, काढता का येत नाहीत आणि धरणगावच्या एखाद्या सेवा केंद्रात बसलेल्या ऑपरेटरने त्याची फिकीर का करावी?

‘शेतकऱ्यांना’ हा शब्द मराठी बातम्यांत रोज येतो. कापसाचा भाव असो, पीकविमा असो की गिरणेचे आवर्तन, त्याच्याशिवाय बातमी पूर्ण होत नाही. डोळ्यांना हा शब्द एकच दिसतो. संगणकात मात्र तो तीन वेगवेगळ्या प्रकारे साठवलेला असू शकतो, आणि काटेकोर तुलना करणाऱ्या प्रोग्रामच्या लेखी ते तीन वेगळे शब्द ठरतात. एका यादीत पहिले रूप आणि दुसऱ्या यादीत दुसरे रूप असेल, तर दोन्ही याद्या जुळत नाहीत. यात टंकलेखकाची चूक नसते. मार्गच एकापेक्षा जास्त आहेत, आणि त्यातले दोन नियमावलीने स्वतंत्र कलमे लिहून दिलेले आहेत.

हे अक्षर नेमके कोणते?

मराठीत ‘र’ हा पुढच्या व्यंजनाला दोन प्रकारे जोडला जातो. ‘सूर्य’, ‘आचार्य’, ‘दर्या’ या शब्दांत तो डोक्यावर रफार होऊन बसतो. ‘दऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘वऱ्हाड’ या शब्दांत तो पापणीसारखा आडवा तुकडा होऊन अक्षराच्या डावीकडे येतो. जागतिक नियमावलीत या आकाराला ‘आयलॅश रा’, म्हणजे पापणीचा र, असेच नाव आहे.

हा फरक केवळ दिसण्याचा नाही. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. ‘आचार्यांना’ निमंत्रण दिले तर प्रवचन होते, ‘आचाऱ्यांना’ दिले तर पंगत उठते. पहिल्या रूपात आधीच्या अक्षरावर उच्चाराचा आघात येतो, दुसऱ्यात येत नाही. हिंदीला या भेदाची गरज पडत नाही. त्यामुळे हिंदी डोळ्यांसमोर ठेवून तयार केलेल्या सॉफ्टवेअरमध्ये मराठीची ही जागा कच्ची राहण्याची शक्यता जास्त.

हे अक्षर दुर्मीळही नाही. ‘रा’ किंवा ‘री’ने संपणाऱ्या असंख्य नामांना विभक्ती लागली, की ते आपोआप येते. वारा-वाऱ्यावर, तारा-ताऱ्यांचा, झरा-झऱ्याकाठी, नोकरी-नोकऱ्या, सातबारा-सातबाऱ्यावर. ‘करणारा’चे ‘करणाऱ्या’ होते, ‘दुसरा’चे ‘दुसऱ्या’. धरणगाव हे बालकवी त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांचे जन्मगाव. १३ ऑगस्ट १८९० रोजी ते इथे जन्मले. त्यांच्यासारख्या निसर्गकवीच्या कवितांचा शब्दशोध संगणकावर करायचा, तर झरे, वारे आणि तारे यांच्या वाटेत हे अक्षर सतत आडवे येणार. खानदेशच्या नकाशावरही ते आहे : भुसावळ तालुक्यातले कुऱ्हे पानाचे, मुक्ताईनगरकडचे कुऱ्हा आणि एकेकाळी खानदेश सुभ्याचे ठाणे असलेले बऱ्हाणपूर. बऱ्हाटे, गोऱ्हे, कऱ्हाडे अशा आडनावांतही ते आहे.

तीन रूपे कोणती?

युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. देवनागरीसाठी ०९०० ते ०९७एफ असा १२८ जागांचा पट्टा राखलेला आहे. त्यात साधा ‘र’ ०९३० वर, नुक्त्याचा ‘ऱ’ ०९३१ वर आणि हलन्ताचे चिन्ह ०९४डी वर आहे. या तुकड्यांतून पापणीचा र पुढीलप्रमाणे तयार होतो.

• पहिले रूप : नुक्त्याचा ‘ऱ’ आणि हलन्त. एकूण दोन क्रमांक.

• दुसरे रूप : साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह. हे जोडचिन्ह २००डी या क्रमांकावर आहे. त्याला रुंदी नाही, ते कागदावर छापले जात नाही; मागच्या अक्षराचा अर्धा आकार दाखव, एवढेच ते संगणकाला सांगते. एकूण तीन क्रमांक.

• तिसरे रूप : साधा ‘र’, मग सुटा नुक्ता, मग हलन्त. हेही तीन क्रमांक.

म्हणजे ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द पहिल्या रूपात ११ क्रमांकांचा होतो आणि उरलेल्या दोन रूपांत १२ क्रमांकांचा. वेबवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक क्रमांक तीन बाइट घेतो, अदृश्य जोडचिन्हही तीन बाइट घेते. पहिले रूप ३३ बाइटचे, बाकीची ३६ बाइटची. पडद्यावर तिन्ही सारखीच दिसतात, पण मोजणीत सारखी नाहीत.

चौथे रूपही अनेकदा दिसते, ते मात्र चुकीचे असते. दुसऱ्या रूपातले अदृश्य जोडचिन्ह एखाद्या प्रोग्रामने ‘निरुपयोगी अक्षर’ समजून गाळले, की उरतो साधा ‘र’ आणि हलन्त. मग पडद्यावर ‘शेतकर्यांना’ उमटते. जुन्या मजकुरात असा शब्द दिसला, की वाचक लिहिणाऱ्याला दोष देतो. प्रत्यक्षात लिहिणाऱ्याने बरोबर लिहिलेले असू शकते. मजकूर एका यंत्रणेतून दुसरीत जाताना मधला अदृश्य दुवा गळून पडलेला असतो.

दोन कलमे आली कुठून?

युनिकोडची पहिली आवृत्ती ऑक्टोबर १९९१ मध्ये आली. तिच्यातला देवनागरीचा पट्टा भारताच्या १९८८ च्या ‘इस्की’ या संकेतप्रणालीवरून घेतला होता. भारतीय मानक ब्युरोने १९९१ मध्ये आयएस १३१९४ या क्रमांकाने जे मानक प्रसिद्ध केले, ती इस्कीची पुढची आवृत्ती.

युनिकोडच्या देवनागरी प्रकरणात अक्षरे कशी जोडायची याचे क्रमवार नियम आहेत. त्यातला पाचवा नियम सांगतो, की इस्कीला अनुसरून नुक्त्याच्या ‘ऱ’चे अर्धे रूप म्हणजेच पापणीचा र. त्याला लागूनच ‘पाच-अ’ असा पोटनियम आहे. तो सांगतो, की साध्या ‘र’ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह लावले, तरीही पापणीचाच र दाखवावा. हा पोटनियम का ठेवला, तेही तिथेच नोंदवले आहे : युनिकोडच्या २.० आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून. ती आवृत्ती जुलै १९९६ ची.

थोडक्यात, एकाच आकारासाठी एक मुख्य कलम आणि जुन्यांच्या सोयीसाठी एक जादा कलम. संगणकावर मराठी नुकती रुळत होती, तेव्हा अनेक संकेतस्थळांवर जोडचिन्हाचे रूप भरपूर वापरले गेले. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जे रूप भरलेले होते, तेच हजारो पानांत उतरले. मोबाइलच्या कळफलकांनी आपापली निवड केली. इन्स्क्रिप्ट कळफलकावर ज्या कळीवर ‘र’ आहे, तीच कळ शिफ्टसह दाबली की ‘ऱ’ मिळतो, त्यामुळे तिथे पहिले रूप सहज लिहिले जाते. असे सगळे प्रवाह आज एकाच डेटाबेसमध्ये येऊन मिळाले आहेत.

वेबच्या इतर नियमावल्या साफ होतात, त्या कशा?

हे समजून घेण्यासाठी दोन ठळक उदाहरणे पाहावी लागतील.

पहिले एचटीटीपीचे. ब्राउझर आणि सर्व्हर ज्या भाषेत बोलतात, ती ही पद्धत. तिच्या १.१ आवृत्तीचे बराच काळ चाललेले नियमपुस्तक, आरएफसी २६१६, जून १९९९ मध्ये आले. ते १७६ पानांचे होते. एकच गोष्ट दोन ठिकाणी थोड्या वेगळ्या शब्दांत सांगितली, की एक प्रोग्रामर एक परिच्छेद वाचतो, दुसरा दुसरा वाचतो, आणि दोघांचे प्रोग्राम एकमेकांशी बोलताना अडखळतात. म्हणून जून २०१४ मध्ये त्या पुस्तकाची जागा ७२३० ते ७२३५ अशा सहा दस्तऐवजांनी घेतली. साफसफाईत काही कलमे गेलीही. एका सर्व्हरशी एका वेळी दोनच जोडण्या ठेवाव्यात, ही जुनी मर्यादा काढली गेली. ‘कंटेंट-एमडी५’ हे शीर्षकही वगळले गेले, कारण अर्धवट मजकूर पाठवताना ते कसे मोजायचे, याबाबत वेगवेगळ्या प्रोग्रामांत एकवाक्यता नव्हती.

पण २०१५ मध्ये एचटीटीपी/२ आले आणि नवी अडचण उभी राहिली. ‘मिळाले नाही’ सांगणारा ४०४ असो किंवा ‘ठीक आहे’ सांगणारा २००, त्यांचा अर्थ प्रत्येक आवृत्तीत तोच. तो अर्थ मात्र १.१ चे नाव लावलेल्या पुस्तकांत लिहिलेला. जून २०२२ मध्ये यावर नीट तोडगा निघाला. सर्व आवृत्त्यांना समान असलेला अर्थ आरएफसी ९११० मध्ये एकत्र केला गेला. साठवणुकीचे नियम ९१११ मध्ये गेले. १.१, २ आणि ३ या आवृत्त्यांची फक्त त्यांच्यापुरती माहिती ९११२, ९११३ आणि ९११४ मध्ये राहिली. समान भाग एकदाच लिहायचा, वेगळा भाग वेगळा ठेवायचा.

दुसरे उदाहरण एचटीएमएलचे. वेबपान ज्या खुणांनी बांधले जाते, त्यांची ही नियमावली. काही वर्षे तिची दोन पुस्तके समांतर चालत होती : एक डब्ल्यूथ्रीसी या संस्थेचे, दुसरे ब्राउझर कंपन्यांच्या पुढाकाराने २००४ मध्ये सुरू झालेल्या व्हॉटडब्ल्यूजीचे. दोन्हींत फरक पडू लागल्यावर कोणते खरे मानायचे, असा प्रश्न आला. २८ मे २०१९ रोजी दोन्ही संस्थांनी करार करून एकच पुस्तक ठेवायचे ठरवले.

त्या एका पुस्तकातही एक मोठे कलम नुसते पडून होते. पानावरचे मथळे कोणत्या विभागात किती आत आहेत, यावरून त्यांची पातळी संगणकाने आपोआप ठरवावी, असे ते सांगत होते. त्यावर विसंबून काही जणांनी पानभर फक्त पहिल्या पातळीचे मथळे वापरले. पण पडदा-वाचकापर्यंत पोहोचणारी ही पातळी ब्राउझरांनी त्या कलमानुसार ठरवलीच नाही. त्याचा त्रास झाला तो दृष्टिहीन वाचकांना. त्यांचे पडदा-वाचक सॉफ्टवेअर मथळ्यांच्या पातळीवरूनच पानात वाट काढते, आणि इथे सगळेच मथळे एका पातळीचे. अखेर २०२२ मध्ये ते कलम काढले गेले. कागदावर असलेला पण कुणीच न पाळलेला नियम नसलेल्या नियमापेक्षा जास्त नुकसान करतो, हा यातला धडा.

दुबार नियमाने धोका किती मोठा?

गैरसोयीपुरता तो मर्यादित राहत नाही. एचटीटीपी १.१ मध्ये संदेशाची लांबी सांगण्याचे दोन मार्ग होते आणि आजही आहेत : एकतर थेट आकडा द्यायचा, नाहीतर मजकूर तुकड्यातुकड्यांनी पाठवून शेवटी ‘संपले’ असे सांगायचे. एकाच संदेशात दोन्ही दिले तर? पुढचा सर्व्हर आकड्यावर विश्वास ठेवतो, मागचा तुकड्यांवर. दोघांच्या मते संदेश वेगवेगळ्या जागी संपतो, आणि मधल्या फटीतून हल्लेखोराला स्वतःचा संदेश आत घुसवता येतो. २००५ पासून हा हल्ला ‘रिक्वेस्ट स्मगलिंग’ नावाने ओळखला जातो. म्हणूनच नव्या ९११२ मध्ये स्पष्ट लिहिले आहे, की दोन्ही आले तर तुकड्यांचा मार्ग ग्राह्य धरावा आणि असा संदेश संशयास्पद मानावा.

मराठीच्या दुबार कलमातून असा हल्ला होत नाही. पण तत्त्व तेच आहे. एकच गोष्ट दोन पद्धतींनी सांगता येत असेल, तर ऐकणारे दोघे वेगवेगळे ऐकतील.

मग ‘पाच-अ’ काढून का टाकत नाहीत?

एचटीटीपीचे जुने पुस्तक बदलले, तेव्हा ते पुसले गेले नाही. आरएफसी एकदा प्रसिद्ध झाली की तिच्यात फेरफार होत नाही. नवी येते आणि जुनीवर ‘कालबाह्य’ अशी नोंद होते. सातबाऱ्यावर जुन्या खातेदाराच्या नावाला कंस होतो आणि नवे नाव फेरफार क्रमांकासह खाली येते, तसेच हे. जुना सर्व्हर बंद पडला, नवा आला, की कालांतराने जुना नियम आपोआप निवृत्त होतो.

लिहून ठेवलेल्या मजकुराचे तसे नाही. सर्व्हर बदलतो, पण २००५ मध्ये लिहिलेला लेख तसाच राहतो. ‘पाच-अ’ उद्या काढले, तर त्या जोडीने लिहिलेला प्रत्येक शब्द नव्या फॉन्टमध्ये रफारासह दिसू लागेल. ‘दऱ्या’चे एका रात्रीत ‘दर्या’ होतील. हा प्रश्न फक्त मराठीचाही नाही. नेपाळीत ‘गऱ्यो’सारख्या क्रियापदांत हेच अक्षर लागते, आणि तिथे जोडचिन्हाचे रूप सर्रास वापरले जाते.

युनिकोडने यापूर्वी एकदा हात पोळून घेतले आहेत. १९९६ च्या २.० आवृत्तीत कोरियन हंगुलची आधी दिलेली जागा काढून ११,१७२ अक्षरसमूहांचा नवा पट्टा दुसरीकडे दिला गेला. जुन्या क्रमांकांनी साठवलेला मजकूर त्यामुळे निरर्थक झाला. त्यानंतर नियम झाला : एकदा दिलेले अक्षर हलवायचे नाही, काढायचे नाही. हा स्थैर्याचा नियम २.० आवृत्तीपासून लागू आहे. आज तीस वर्षांपूर्वीची फाइल उघडता येते, ती या हमीमुळे. दुबार कलम हे त्या हमीचे मोल आहे.

सामान्यीकरणाने प्रश्न सुटत नाही का?

अर्धाच सुटतो. एकसारख्या रूपांना एका रूपात आणण्यासाठी युनिकोडकडे ‘सामान्यीकरण’ नावाची प्रक्रिया आहे. तिच्यातला सर्वांत रूढ प्रकार एनएफसी. सुटा नुक्ता असलेले तिसरे रूप तिच्यातून गेले, की ते पहिले रूप होऊन बाहेर पडते, कारण ‘ऱ’ आणि ‘र अधिक नुक्ता’ हे तत्त्वतः एकच असल्याची नोंद युनिकोडच्या तक्त्यात आहे.

जोडचिन्हाच्या दुसऱ्या रूपाबद्दल मात्र अशी नोंद नाही. एनएफसी त्याला हातही लावत नाही. सामान्यीकरणाच्या तक्त्यांनाही स्थैर्याची हमी आहे, त्यामुळे पुढे कधी अशी नोंद करून घेता येईल, ही आशाही नको. ‘आम्ही सर्व मजकूर एनएफसीमधून काढतो’ असे एखादी यंत्रणा सांगत असेल, तर मराठीपुरते ते काम अपुरे आहे.

सैल तुलना हा दुसरा उपाय. वर्णक्रम लावण्याच्या युनिकोडच्या पद्धतीत अदृश्य जोडचिन्ह दुर्लक्षित होते, आणि नुक्त्याला दुय्यम महत्त्व असते. फक्त पहिल्या पातळीवर तुलना केली, तर तिन्ही रूपे जुळतात. पण त्याच वेळी ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ही जुळतात, ‘आचारी’ मंडळी आणि ‘आचार्य’ मंडळी एका ओळीत येतात. शोधासाठी हे चालून जाते. जास्त निकाल आले तरी माणूस निवडून घेतो. लाभार्थी याद्यांची जुळणी करताना, जिथे यंत्रच शेवटचा शब्द देते, तिथे ते चालत नाही.

वेबच्या नियमावलीनेही या प्रश्नावर माघार घेतली आहे. डब्ल्यूथ्रीसीच्या ‘कॅरेक्टर मॉडेल’चा पहिला भाग १५ फेब्रुवारी २००५ रोजी मान्य झाला. पुढच्या भागात सुरुवातीला आग्रह असा होता, की मजकूर तयार होतानाच सामान्यीकृत असावा. प्रत्यक्षात वेब तशी वागली नाही. अखेर तो आग्रह सोडला गेला आणि त्या दस्तऐवजाचे नावही ‘स्ट्रिंग मॅचिंग’ असे झाले. आज सीएसएससारख्या भागांत नावांची तुलना क्रमांकाला क्रमांक लावूनच होते. जबाबदारी लिहिणाऱ्यावर आणि प्रोग्रामरवर आली आहे.

‘अॅ’ आणि ‘ॲ’चाही हाच घोळ?

होय, आणि तो रोज डोळ्यांसमोर असतो. ‘ॲप’, ‘ॲड’, ‘बॅट’ अशा उच्चारांसाठी मराठीने चंद्राचा आधार घेतला. त्यातला शब्दारंभीचा ‘ॲ’ हा स्वतंत्र स्वर युनिकोडमध्ये आला तो एप्रिल २००८ च्या ५.१ आवृत्तीत, ०९७२ या क्रमांकावर. तोपर्यंत लोक ‘अ’वर चंद्र देऊन काम भागवत होते. सवय राहिली आणि आज दोन्ही रूपे चालू आहेत. एनएफसी इथेही उपयोगी पडत नाही.

एक फरक मात्र महत्त्वाचा आहे. या जोडीबाबत युनिकोडने ‘हे वापरा, ते वापरू नका’ असा तक्ताच दिला आहे. सप्टेंबर २०२४ च्या १६.० आवृत्तीपासून अशा टाळायच्या जोड्यांची, यंत्राला थेट वाचता येईल अशी फाइलही दिली जाते. कलम काढता येत नसेल, तर निदान त्याकडे जाणारी वाट बंद करायची, हा यातला मध्यममार्ग.

कुठे हा प्रश्न सुटला आहे का?

संकेतस्थळांच्या नावांत बऱ्याच अंशी सुटला आहे. देवनागरीतला ‘.भारत’ हा पत्ता २७ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झाला. बँकेचे नाव दोन प्रकारे लिहिता आले, तर एकावर खरी बँक आणि दुसऱ्यावर भामटा बसू शकतो. म्हणून इंटरनेटच्या नामव्यवस्थेच्या मूळ क्षेत्रात, म्हणजे ‘.भारत’सारख्या अखेरच्या पदांत, अदृश्य जोडचिन्हांना प्रवेशच नाही. दोन मार्गांपैकी एक दारातच बंद. हे शक्य झाले, कारण तिथे जुना मजकूर सांभाळायचा नव्हता. पाटी कोरी होती.

धरणगावच्या कार्यालयाला याचा अर्थ काय?

समजा, एका गावाच्या दोन याद्या आहेत. पहिली काही वर्षांपूर्वी जुन्या फॉन्टमधून रूपांतरित केलेली, दुसरी यंदा मोबाइलवर भरलेली. दोन्हीकडे ‘बऱ्हाटे’ आडनावाचे एक खाते. पहिल्या यादीत जोडचिन्हाचे रूप, दुसऱ्यात ‘ऱ’चे. जुळणी करणारा प्रोग्राम म्हणतो, नाव जुळत नाही. पडद्यावर पाहणाऱ्या माणसाला दोन्ही नावे तंतोतंत सारखी दिसतात. तो पुन्हा तपासतो, पुन्हा टाइप करतो आणि शेवटी ‘सिस्टम घेत नाही’ असे सांगून खातेदाराला परत पाठवतो. दोष कोणाचा, हे दोघांनाही कळत नाही.

उपाय महागडे नाहीत, पण ते ठरवून करावे लागतात.

• एकच रूप निवडा. युनिकोडचा मुख्य नियम ‘ऱ’ आणि हलन्ताचा आहे, तोच घ्यावा.

• माहिती आत घेतानाच बदला. ‘य’ किंवा ‘ह’च्या आधी ‘र, हलन्त, जोडचिन्ह’ अशी मालिका आली, तर तिथे ‘ऱ, हलन्त’ ठेवावे आणि मग एनएफसी करावे. हेच शोधाच्या खिडकीत टाइप केलेल्या शब्दालाही लागू करावे. एकाच बाजूला केले, तर उपयोग शून्य.

• जोडचिन्हे सरसकट पुसू नका. अर्धे अक्षर मुद्दाम दाखवण्यासाठी ती इतरत्र लागतात, आणि ‘र’नंतरचे जोडचिन्ह पुसले की ‘शेतकर्यांना’ हाती येते.

• डिजिटल स्वाक्षरीच्या मूळ दस्तऐवजाला हात लावू नका. एक अदृश्य चिन्ह बदलले तरी स्वाक्षरी पडताळणीत नापास होते. शोधासाठी वेगळी प्रत तयार करावी, मूळ तसेच ठेवावे.

• नाव जुळत नसेल, तर अक्षरे मोजा. दिसायला सारख्या दोन नावांची क्रमांकसंख्या वेगळी आली, तर कारण बहुतेक हेच.

महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमाला प्रमाणित केली. पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ कसा काढायचा, इतक्या बारकाव्याने. अक्षर कसे दिसावे, हे त्यामुळे ठरले. तेच अक्षर संगणकात कोणत्या क्रमांकांनी साठवावे, याचीही तितकीच बारीक शिस्त प्रत्येक कार्यालयाच्या निविदेत आणि सॉफ्टवेअरच्या अटींत उतरायला हवी. त्यासाठी एक ओळ पुरते : ‘पापणीचा र ०९३१ आणि ०९४डी या क्रमांकांनीच साठवावा.’

नियमावलीतले दुबार कलम निघणार नाही, हे गृहीत धरूनच पुढचे काम करावे लागेल. जुन्या नोंदींना कंस करून नवी नोंद कशी घ्यायची, हे या भागातल्या प्रत्येक तलाठी कार्यालयाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. मराठी डेटाची साफसफाईही त्याच रीतीने होईल : मूळ राखून, एक रूप ठरवून आणि प्रत्येक बदलाची नोंद ठेवून.